वही आणि केसपेपर

(वाकोला, सांताक्रूझ पूर्व येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आधी एक कबुली. आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता, ‘एचआयव्हीग्रस्त गरिबांना मदत : करुणेचं तत्त्वज्ञान’. फोनवर आम्ही हो म्हटलं आणि मग आठ दिवस त्या शीर्षकाशी भांडत बसलो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं, तेव्हा करुणेवर तासभर बोलणं आम्हाला जड नाही. अडचण नेमकी तीच आहे. करुणेवर बोलणं फार सोपं असतं. आणि तो ‘ग्रस्त’ शब्द बघा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, ग्रहणात चंद्र ग्रस्त. ज्याला कशाने तरी गिळलंय त्याच्याकडे आपण काठावरून बघतो, हे त्या शब्दातच ठरून गेलेलं आहे. म्हणून आम्ही आयोजकांची परवानगी घेऊन विषय थोडा वाकवला. आज आम्ही एका चित्रपटाची समीक्षा करणार आहोत. चित्रपट ‘68 पेजेस’, साल 2007, दिग्दर्शक श्रीधर रंगायन, निर्मिती हमसफर ट्रस्टची.

हा चित्रपट वाकोल्यातच का घ्यायचा, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. हमसफर ट्रस्टची स्थापना 1994 सालची. अशोक राव कवी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती केली, स्वतः रंगायनही त्या सुरुवातीच्या माणसांपैकी. नव्वदच्या दशकात मुंबई महापालिकेने या संस्थेला नेहरू रोडवरच्या आपल्या इमारतीत जागा दिली. ही गोष्ट आपण सहज ऐकतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघा. भारतीय दंड संहितेतलं कलम 377 तेव्हा पूर्ण जोरात होतं. ज्या पुरुषांसाठी ही संस्था उभी राहिली, त्यांचं खाजगी आयुष्य कायद्याने गुन्हा होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आणि महापालिका म्हणते, ही घ्या खोली, तपासणी करा, समुपदेशन करा. राज्याचा एक हात माणसाला गुन्हेगार ठरवतो आणि दुसरा हात त्यालाच किल्ली देतो. ही काही काल्पनिक विसंगती नव्हे. जुलै 2001 मध्ये लखनौला अशाच कामातल्या, एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं आणि ते 47 दिवस तुरुंगात राहिले. वाकोल्यातला जिना चढताना माणसं मागे वळून का बघत असतील, ते यावरून समजावं.

आता चित्रपट. मानसी नावाची एक तरुण समुपदेशक आहे. एचआयव्हीचं समुपदेशन हे तिचं काम. समोरच्या माणसात गुंतायचं नाही, अंतर राखायचं, व्यवहारी सल्ला द्यायचा, हे तिला शिकवलेलं आहे आणि ती ते नीट करते. पण रात्री ती वही लिहिते. जे टेबलापलीकडे बोलता येत नाही ते वहीत उतरतं. त्या वहीची अडुसष्ट पानं म्हणजे हा चित्रपट. त्या पानांतून पायल येते, ती देहविक्रय करते. निशित, तो नशेची इंजेक्शनं घेतो. किरण, तो समलिंगी आहे. आणि उमराव, बारमध्ये नाचणारी पारलिंगी व्यक्ती.

चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. त्या काळात हिंदी चित्रपटाने एड्सला हात लावला की आधी रोग्याचं चारित्र्य धुऊन घेतलं जायचं. ‘फिर मिलेंगे’ 2004 चा, त्यातली नायिका जाहिरात कंपनीत उत्तम काम करणारी सुशिक्षित मुलगी. ‘माय ब्रदर निखिल’ 2005 चा, त्यातला निखिल गोव्याचा जलतरणपटू, पदकं मिळवणारा. म्हणजे प्रेक्षकाला सहानुभूतीचा खर्च कमीत कमी पडावा अशी व्यवस्था. ‘68 पेजेस’ ही सवलत देत नाही. पायलचा आणि निशितचा विचार करायचा असेल तर ते जसे आहेत तसेच घ्या, असं तो म्हणतो. अशा चित्रपटाला पैसा कुठून येणार? एका स्वयंसेवी संस्थेने तो उभा केला, यातच सगळं आलं.

पण आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. देहविक्रय करणारी स्त्री, इंजेक्शनने नशा करणारा, समलिंगी पुरुष, पारलिंगी व्यक्ती. ही यादी तुम्ही कुठे वाचली आहे का? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या कागदांत ‘अतिजोखमीचे गट’ म्हणून जी नावं येतात, तीच ही. चार गट, चार पात्रं. अनुदान ज्या रकान्यांतून येतं त्याच रकान्यांतून पात्रं आली. यात कुणाची लबाडी आहे असं आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षं एकाच नमुन्याचे फॉर्म भरले की माणूस गोष्टही त्याच नमुन्यात सांगू लागतो. आम्ही विद्यापीठात होतो, आम्हालाही हा रोग आहे.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे आणि ती एकट्या या चित्रपटाची नाही. मघाच्या तिन्ही चित्रपटांत ज्याला विषाणू आहे त्याच्याकडे गोष्ट सांगायचं काम फारसं येत नाही. निखिलची गोष्ट बहीण सांगते, मित्र सांगतो, आईवडील सांगतात. ‘फिर मिलेंगे’मध्ये नायिकेच्या वतीने वकील बोलतो. इथे समुपदेशक लिहिते. बरं, निखिलमागे जो खरा माणूस उभा आहे त्याच्याबाबत तर हे फारच खटकतं. गोव्याचा डॉमिनिक डिसोझा. तो रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीतून निदान झालं. फेब्रुवारी 1989 मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि बंद पडलेल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात 64 दिवस एकट्याला ठेवलं. आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेली. न्यायालयाने रुग्णाला वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. खालमानेने निघून जाणाऱ्यांतला डॉमिनिक नव्हता. तो जाहीरपणे बोलला, त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली, 1992 साली तो गेला. म्हणजे भारतात या रोगाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलणाऱ्या पहिल्या काही माणसांतला तो एक, आणि पडद्यावर त्याच्याबद्दल बोलायला चौघं जण.

(माणसाला वेगळं ठेवण्याचा विषय निघाला म्हणून एक आठवलं. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. 1890 साली कुष्ठरोग्यांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी ते आवार उभं राहिलं. ज्यांच्या नावाने ते आहे त्या आयुक्त अ‍ॅकवर्थसाहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले, तेही त्याच सुमाराला. आमचा मराठीचा एक सहकारी हे सांगताना नेहमी हसायचा. का हसायचा ते आम्हाला उशिरा समजलं.)

तर वहीकडे येऊ. चित्रपटाची सगळी भिस्त एका विभागणीवर आहे. टेबलावर कोरडा सल्ला, वहीत ओलं मन. प्रेक्षकाला सुचवलं जातं की खरी मानसी वहीत आहे, टेबलावरची मानसी म्हणजे नोकरी. आमचा विरोध इथे आहे, आणि आज तुम्हाला बोलावून बसवलंय ते एवढं सांगायला की हे उलटं आहे. तो कोरडा सल्ला हेच त्या बाईचं खरं काम आहे. वही ही तिची स्वतःची सोय आहे.

तो सल्ला काय असतो हे चित्रपटापेक्षा आम्ही जरा सविस्तर सांगतो. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबई सेंट्रलच्या सिप्ला कंपनीने जाहीर केलं की तीन औषधांचा वर्षाचा खुराक 350 डॉलरला देऊ. पाश्चात्त्य देशांत तोच दहा-पंधरा हजार डॉलरचा होता. हा देकार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला होता, आणि आफ्रिकेतल्या लाखो लोकांचं नशीब त्याने बदललं. त्या वेळच्या भावाने ते सोळा हजारांच्या आसपास रुपये. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला हे परवडणारं नव्हतं, मग कारखाना त्याच्या शहरात का असेना. सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडला. देशात सुरुवातीला फक्त आठ रुग्णालयं, मुंबईत जे.जे.

आता वाकोल्याहून जे.जे.ला जायचं आहे असं धरा. सांताक्रूझ स्टेशन गाठा, दादरला गाडी बदला, भायखळ्याला उतरा. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहा. रक्त तपासलं, पेशींचा आकडा, ज्याला सीडी4 म्हणतात, तो तेव्हा साधारण दोनशेच्या खाली असेल तरच गोळ्या. अहवाल आज नाही, नंतर या. क्षयरोग आहे का ते आधी बघा, छातीचा फोटो दुसऱ्या इमारतीत. पत्त्याचा पुरावा आणा, आणि भाड्याच्या खोलीत पाचव्या माणसाबरोबर राहणाऱ्याकडे तो नसतो. गोळ्या रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर. चुकवल्या तर विषाणू त्यांना सरावतो आणि मग दुसऱ्या फळीची औषधं लागतात, ती सरकारी योजनेत 2008 पासून सुरू झाली. आणि या सगळ्यात एक साधं वाक्य सांगितलं जायचं : ‘सोबत घरचं कोणीतरी आणा.’

ज्याने घरी सांगितलेलंच नाही, त्याने कुणाला आणायचं? इथे संस्था लागते. हमसफरसारख्या संस्थेचा कार्यकर्ता त्या खुर्चीत ‘घरचा’ म्हणून बसतो. औषध सरकार देतं, तपासणी सरकार करतं. धर्मादाय मदतीचा वाटा दिसायला छोटा, एक लोकलचं तिकीट, एक बुडालेली रोजी, एक सोबत. पण त्या वाट्याशिवाय बाकीचं सगळं कपाटात पडून राहतं. समुपदेशक टेबलावर जो सल्ला देते तो एवढाच असतो : मंगळवारी जा, आठच्या आत जा, अमुक खिडकी, हा माणूस बरोबर येईल. आम्ही विचारतो, चित्रपटाला हे दाखवण्याजोगं का वाटू नये? दुःख दाखवायला पार्श्वसंगीत मिळतं, रांगेला मिळत नाही, हे एक. दुसरं कारण असं की वहीमुळे प्रेक्षकालाही एक सोय होते. मानसी रडली की आपणही थोडं रडतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं.

आम्ही हे कुणाला नावं ठेवायला म्हणत नाही. 1998 साली आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. हुशार नव्हता, पण आमच्या तासाला कधी गैरहजर नव्हता. एका खाजगी कचेरीत कारकुनी करायचा, अंगाने निम्मा झालेला. काय झालंय ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. एका मोठ्या रुग्णालयात, नाव घेत नाही, त्याच्या खाटेच्या डोक्याशी सगळ्यांना वाचता येईल असा कागद चिकटवला होता, म्हणून तो तिथून उठून आला होता. आता दुसरीकडे जायचं होतं. चहा अर्धा टाकून तो म्हणाला, ‘सर, उद्या माझ्याबरोबर येता का? तुम्ही असलात तर नीट बोलतील.’ दुसऱ्या दिवशी आमची परीक्षकांची बैठक होती. आम्ही त्याला दुःखाबद्दल काही चांगल्या गोष्टी सांगितल्या. त्या रात्री वहीत दीड पान लिहिलं, त्यात शोपेनहाउअरसुद्धा आहे. 1999 मध्ये तो गेला, आम्हाला तीन महिन्यांनी समजलं. वही आहे अजून. परवा या व्याख्यानासाठी काढून वाचली. भाषा चांगली आहे.

म्हणून मानसीच्या वहीवर आम्ही एवढे उखडतो.

या ठिकाणी थोडं शास्त्र. बौद्ध परंपरेत चार ब्रह्मविहार सांगितले आहेत, मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. पतंजलीही हीच चार नावं घेतो. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. मूळ अर्थ वेगळा, जवळून पण न डगमगता पाहणं, समचित्त राहणं. पतंजलीने मात्र उपेक्षा अपुण्यवानासाठी राखली, पापी दिसला तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आपल्या समाजाने एचआयव्ही झालेल्याला नेमकं याच रकान्यात टाकलं, असं आम्हाला अनेकदा वाटतं. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’, ज्याच्या संपादनात आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी किती वर्षं घातली, तो या चौघांबद्दल एक फार मार्मिक विचार मांडतो. प्रत्येक सद्गुणाला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिच्याच घरात राहतो, आणि तिचं काम बंद पाडतो. उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे, अज्ञानातून आलेली बेपर्वाई.

आता बघा. खाटेवर कागद चिकटवणारी व्यवस्था ही ती बेपर्वाई. आमचं दीड पान हा तो शोक. आणि टेबलावरची मानसी, जिला चित्रपट कोरडी समजतो, तिच्यात खरी उपेक्षा आहे, त्या जुन्या अर्थाने. ती डगमगत नाही म्हणून समोरचा माणूस बोलू शकतो. दिग्दर्शकाच्या हातात हे रत्न होतं आणि त्याने ते वहीच्या दोन पानांत दाबून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, चित्रपटाकडून फार मागता. दुसऱ्या कुणी दिलंय का हे? दिलंय, आणि तेही न्यायालयाने. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी मजुराची याचिका आली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळाने एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावर घ्यायचं नाकारलं होतं. न्यायालयाने त्याला नाव लपवून लढायची मुभा दिली. कागदावर तो ‘एमएक्स’ आणि महामंडळ ‘झेडवाय’. निकाल असा लागला की काम करायला जो सक्षम आहे त्याला निव्वळ विषाणूच्या कारणाने नाकारता येणार नाही. आम्हाला या प्रकरणाचं फार अप्रूप वाटतं. पायल, निशित, किरण, उमराव यांना नावं आहेत पण त्यांचं म्हणणं दुसरीच्या हस्ताक्षरात आहे. एमएक्सला नाव नाही, चेहरा नाही, पण मागणी त्याची स्वतःची आहे. देणगीच्या माहितीपत्रकांत पाठमोरे फोटो छापतात, चेहरे धूसर करतात, गोपनीयतेसाठी ते बरोबरच आहे. पण चेहरा झाकला म्हणून वाक्यसुद्धा काढून घ्यायला हवं असं नाही.

कायद्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. 2017 साली एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, तो 10 सप्टेंबर 2018 ला अमलात आला. चारच दिवस आधी, 6 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम 377 मोडीत काढलं होतं. नोकरी, उपचार, घर यांतला भेदभाव या कायद्याने बंद केला, चांगलंच केलं. पण उपचार पुरवण्याच्या कलमात, चौदाव्यात, सरकारने औषधं आणि तपासण्या द्याव्यात ‘शक्य तितक्या’ असे शब्द आहेत. रुग्णांच्या संघटनांनी या दोन शब्दांविरुद्ध आरडाओरडा केला होता, तरी ते राहिले. 2022 च्या पावसाळ्यात औषधांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या दारात माणसं दिवसेंदिवस धरणं धरून बसली. गोळी घेणारा माणूस ‘शक्य तितकी’ गोळी घेऊ शकत नाही. एक तर घेतो, नाही तर चुकते.

आणि धर्मादाय संस्थांची सगळी वस्ती या ‘शक्य तितक्या’मध्येच आहे. सरकारने तो शब्द काढला तर निम्म्या संस्थांचं काम संपेल, आणि ज्या संस्था चांगल्या आहेत त्या पेढे वाटतील. आमच्या मते चांगली संस्था ओळखायची खूण एवढीच. हमसफरबद्दल आमचं मत बरं आहे, याचं कारणही चित्रपटात सापडत नाही. ज्यांना मदत हवी होती त्यांच्यातल्याच माणसांनी ती संस्था उभी केली, टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेच लोक. मग स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी वही एका भल्या, बाहेरच्या मुलीच्या हातात का दिली? बहुधा प्रेक्षक आमच्यासारखा असणार हे त्यांनी ओळखलं होतं. त्याला धरायला कुणीतरी ओळखीचा हात हवा होता. असं असेल तर हा दोष आमच्या खाती मांडायला हवा, आणि आम्ही तो मांडून घेतो.

अलीकडची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर आम्ही आता अधूनमधून एका एआरटी केंद्रावर जातो. 2017 पासून आकडा किती आहे ते न बघता निदान झालं की औषध सुरू करतात, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते, रांगही पूर्वीइतकी नाही. आमचं काम बाकावर बसायचं. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीने विचारलं, ‘काका, तुम्ही यांचे कोण?’ आम्ही कोण, याचा विचार करत होतो. तोवर ते गृहस्थच म्हणाले, ‘लिहा ना ताई, शेजारी.’ तिने लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

आता प्रश्न घेऊ. माईक आधी मागे पोचवा, तिथल्या मंडळींना मघापासून काहीतरी बोलायचंय.